घरच्या घरी

माझ्या गाडीवर जुना दंड आहे, हे मला पीयूसी काढणाऱ्या माणसाने सांगितलं. शिरोलीच्या फाट्यावर त्याची व्हॅन उभी असते. त्याने गाडीच्या सायलेन्सरात नळी खुपसली, मोबाईलवर नंबर टाकला आणि माझ्याकडे न बघताच म्हणाला, "पावणं, नो पार्किंगची पावती हाय की तुमच्या गाडीवर. तीन वर्षं झाली. आणि ह्याला फोन नंबर भलत्याचाच लागलाय. बदलून देऊ?"

मी म्हटलं, बदल. पण दंडाचं काही पटेना. नो पार्किंगमध्ये गाडी लावायची माझी छातीच नाही. बायको तर चारचौघांत सांगते, की आमचे हे बाजारात गाडी लावायला जागा शोधत शोधत परत दारात येतात, गाडी लावतात आणि पिशवी घेऊन चालत जातात. यात खोटं काही नाही. मी मुळातच नियमाने चालणारा माणूस आहे आणि त्याबद्दल लोकांनी मला भरपूर नावंही ठेवली आहेत.

त्यात माझी नोकरी खोट काढायची. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत बावीस वर्षं मी कास्टिंग तपासतो. भोक पडलंय का, चीर गेलीय का, माती खाल्लीय का, ते बघायचं आणि बाद असेल तर लाल रंगाचा पट्टा मारायचा. प्रत्येक कास्टिंगवर तारीख आणि पाळी ओतलेली असते. ज्या पाळीचा माल, त्या पाळीच्या नावावर खोट. पहिल्या पाळीचा बाद माल दुसऱ्या पाळीच्या माथी मारायला बघणारे सुपरवायझर मी पुष्कळ पाहिले, आणि एकालाही तसं करू दिलं नाही. त्यामुळे कंपनीत माझ्याशी गोड बोलणारी माणसं कमी. एक सोडून.

तो एक मोल्डिंगचा सुपरवायझर. माझ्याच वर्षी कामाला लागलेला. पेठ वडगावच्या पुढे त्याचं गाव, ऊस, म्हशी, मोठी भावकी. मी कोल्हापुरातला, बौद्ध. हे सांगावं लागतं याचाच मला राग येतो, पण न सांगता पुढचं काही कळायचं नाही. बावीस वर्षं आम्ही दोघं शॉपच्या मागच्या लिंबाखाली एकत्र जेवलो. त्याच्या डब्यातलं मी खायचं, माझ्या डब्यातलं त्याने. माझ्या बायकोच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी असली की तो डबा माझ्या आधी उघडायचा. "तू काय परका हाईस व्हय रं," असं तो म्हणायचा, "तू घरातलाच." मी त्याच्या गावी अनेकदा गेलो. हुरड्याला गेलो, गुऱ्हाळाला गेलो, आषाढात मटणाला गेलो. दर वेळी जेवण रानात, खोपीपाशी. त्याच्या घरात चहा पिऊन मी बाहेर पडायचो आणि जेवायला रानात जायचो, आणि मला वाटायचं, काय हौशी माणूस आहे, उघड्यावर जेवायची कसली मजा असते ह्याला ठाऊक आहे. वीस वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. लोखंडातली केसाएवढी चीर दिसणारा माणूस मी.

त्याच्या मुलीला स्थळ आलं तेव्हा चौकशी मीच केली. मुलगा शिवाजी पेठेतला, आमच्याच एमआयडीसीत दुसऱ्या फौंड्रीत मशीनशॉपला. तिथे माझ्या ओळखी होत्या. मुलगा पितो का, कुणाशी भांडतो का, पाळी बुडवतो का, पेठेतल्या तालमीत बसतो तेव्हा संगत कुणाची, हे सगळं मी आठ दिवस हिंडून काढलं. त्याच्या कंपनीच्या गेटसमोरच्या चहाच्या गाड्यावर नको असताना चहा प्यायलो. मग लिंबाखाली बसून मित्राला सांगितलं, "दे. डोळे झाकून दे. पोरगं सरळ आहे." त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला होता. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं. आजही मला ते खोटं वाटत नाही, आणि खोटं असतं तर बरं झालं असतं.

गाडीचा व्यवहार त्याच सुमाराला झाला. त्याला मोठी गाडी घ्यायची होती, मला जुनी चालणार होती. माझ्या बायकोचे गुडघे दुखायला लागले होते आणि मोटरसायकलवर तिला बसवेना. कागद लगेच केले. एजंटाने नाव माझं लावलं, फोन नंबर मात्र जुनाच राहू दिला, ते तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. गाडी न्यायला गेलो तर मित्र म्हणाला, "कागद तुझ्या नावावर झालंच की. गाडी म्हैनाभर ऱ्हाऊ दे माझ्याकडं. कार्य हाय, आणाय-न्यायला लागतीया. लगीन झालं की तुझ्या दारात आणून लावतो."

"कधी आहे लग्न?" मी विचारलं.

"आता काय सांगायचं," तो म्हणाला. "चुलता वारला. वरसाच्या आत उरकाय पायजे, पण वाजत-गाजत करता येत न्हाय. म्होरच्या रविवारी घरच्या घरीच करणार. ह्या घरची चार आन् त्या घरची चार माणसं. गावातच, दारात. तुलासुद्धा बोलवाय येत न्हाय बघ, वाईट वाटून घिऊ नको."

मी काय वाईट वाटून घेणार? मीच त्याची समजूत काढली. म्हटलं, अरे, पोरगी सुखात पडली म्हणजे झालं, जेवणं काय आयुष्यभर आहेतच. वर असंही म्हटलं, की त्या रविवारी भट्टी लागणार आहे, तू काळजी करू नकोस, तुझ्या जागी मी थांबतो. आणि थांबलो. बारा तास. त्या दिवशी शॉपवर माणसंच कमी होती. हा नाही, तो नाही, डिस्पॅचला कुलूप. मी मनाशी म्हटलं, लग्नतिथी दाट आहे, ज्याच्या त्याच्या पै-पाहुण्यांत असणार.

चार दिवसांनी तो बुंदीच्या लाडवांचा मोठा पुडा आणि बायकोला साडी घेऊन घरी आला. महिन्याने गाडी आली, धुऊन-पुसून. मागच्या काचेला कसलासा डिंक चिकटलेला होता. मी ब्लेडने खरवडून काढला.

पीयूसीच्या त्या दिवशी संध्याकाळी घरी येऊन मी मोबाईलवर पावती उघडली. दंडासोबत फोटो असतो, हे मला माहीत नव्हतं. फोटोत गाडीची मागची बाजू होती. नंबर स्वच्छ दिसत होता, आणि तो माझाच होता. टपावर झेंडूच्या माळा. मागच्या काचेवर थर्माकोलची सोनेरी अक्षरं, एक नाव, मध्ये बदाम, दुसरं नाव. ती मुलगी दहावी झाली तेव्हाचे पेढे मी खाल्ले आहेत, तिचं नाव मला दुसऱ्याचं वाटणं शक्य नव्हतं. गाडीच्या पलीकडे शिवाजी पेठेतल्या कार्यालयाची कमान, तिच्यावर फुलं, आणि कमानीखाली फेटे बांधलेली माणसं. सवयीप्रमाणे मी फोटो मोठा केला. कडेला वाकून बुटाची नाडी बांधणारा एक फेटेवाला होता. तो आमच्या डिस्पॅचचा क्लार्क होता.

मी तारीख पाहिली. मग कपाटातून गाडीचे कागद काढले आणि तीही तारीख पाहिली. त्या रविवारी गाडी माझ्या नावावर होऊन अकरा दिवस झाले होते. म्हणजे लग्नाला माझी गाडी गेली होती. हार घालून, नावं लावून, नवरीला घेऊन. माझ्या घरापासून कार्यालय दहा मिनिटांवर आहे.

बायकोला फोटो दाखवला. तिने चष्मा लावून नीट पाहिला आणि मोबाईल परत दिला. म्हणाली, "मला तवाच वाटलं हुतं. घरच्या घरी लगीन, आन् लाडवाच्या पुड्यावर केटररचं नाव?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुमास्नी वाईट वाटलं आसतं," ती म्हणाली. "भरून टाका पाचशे रुपये आन् सोडा."

त्या रात्री मला चीड आली ती आधी तिचीच. माझ्या घरात तीन वर्षं एक माणूस हे ओळखून होतं आणि मला सांभाळून घेत होतं. सांभाळून घेतलेलं मला कधीच सोसत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डिस्पॅचमध्ये जाऊन क्लार्कला विचारलं. तो गोंधळला. म्हणाला, "आवो, कंपनीतलं तीसचाळीस जण हुतो की आमी. तुम्ही ड्युटीवर हुता म्हणून आला न्हाईसा, आसंच वाटलं आमाला." खरंच तसं वाटलं होतं की नव्हतं, ते त्याचं त्याला ठाऊक.

जेवणाच्या सुट्टीत मी मोबाईल मित्रापुढे धरला. त्याने बघितलं. चपातीचा तुकडा भाजीत दोनदा फिरवला आणि म्हणाला, "ह्यो दंड व्हय. मला मेसेज आलतं दोन-चार. ऱ्हाऊनच गेलं बघ. किती हाय? मी भरतो की."

"दंडाचं सोड. हे कार्यालय कसं काय?"

"आरं, ऐन टायमाला ठरलं. पावण्यांनी हट्टच धरला, पेठेतच करा म्हणून."

"ऐन टायमाला चाळीस जणांना कळलं, आणि मला नाही?"

त्याने माझा डबा माझ्यापुढे सरकवला. मग म्हणाला, "जेव की. निवायलंय."

मी डबा बंद केला आणि त्याला सांगितलं, की दंड भरायचा नाही, मी तक्रार करणार आहे. गाडी मी लावलेली नाही, तर माझ्या नावावर ती खोट राहता कामा नये. त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. "पाचशे रुपयांसाठी?" तो म्हणाला. मला पैशाचं काही नव्हतं. मला त्याच्या तोंडून, त्याच्या हातून एक वाक्य पाहिजे होतं, की त्या दिवशी गाडी माझ्याकडे होती आणि हा तिथे नव्हता. हा तिथे नव्हता, एवढं त्याने कुठेतरी कबूल करावं. दुसरं काही मागायला मला सुचत नव्हतं. लग्न होऊन गेलेलं, मुलीला दीड वर्षाचा मुलगा. आता काय मागणार?

वाहतूक पोलिसांच्या ऑफिसात मी अर्ज घेऊन गेलो. खिडकीत एक तरुण मॅडम होत्या. शेजारी एक वयस्कर हवालदार चहा पीत बसलेले. माझ्या मागे रांग. मॅडमनी अर्ज वाचला, फोटो उघडला.

"काका, नंबर तुमचा, नाव तुमचं. मग तक्रार कशाची?"

"गाडी त्या दिवशी माझ्याकडे नव्हती. ज्याच्याकडून घेतली त्याच्याकडेच होती."

"लग्नातली गाडी दिसते की ही. कुणाचं लग्न?"

"त्याच्या मुलीचं."

"तो कोण तुमचा?"

"मित्र."

मॅडम हसल्या. चांगल्या हसल्या, त्यात वाईट काही नव्हतं. "मग काका, तुम्हीपण लग्नात असणारच की. कोण लावली, कोण नाही, आता कुणाला आठवतंय?"

"मी नव्हतो."

"मित्राच्या मुलीच्या लग्नाला नव्हता?"

"नव्हतो."

"का?"

ह्या प्रश्नाची मी तयारी केलेली नव्हती. कागद सगळे नेले होते. गाडीचे कागद, व्यवहाराची पावती, त्या दिवशीच्या माझ्या हजेरीची झेरॉक्स. मी म्हटलं, "बोलावलं नव्हतं."

हवालदारांनी चहाचा कप खाली ठेवला. "लग्नाला गाडी दिली आन् तुमालाच बोलीवलं न्हाय?" ते मोठ्याने म्हणाले. मागे रांगेत कुणीतरी हसलं. हवालदारांनी माझा अर्ज ओढून घेतला आणि वरचं नाव वाचलं. नाव, मग आडनाव. मग माझ्याकडे बघितलं, आणि अर्ज मॅडमकडे सरकवून परत चहा उचलला. पुढे एक शब्द बोलले नाहीत. हसणाऱ्या माणसापेक्षा मला त्यांच्या त्या गप्प बसण्याचा जास्त राग आला. त्यांना एका आडनावात कळलं होतं जे मला बावीस वर्षांत कळलं नाही.

मॅडमना काही कळलं नव्हतं, किंवा त्यांनी तसं दाखवलं. त्या म्हणाल्या, "हजेरीची झेरॉक्स चालणार नाही काका. गाडी ज्यांच्या ताब्यात होती त्यांच्याकडून लिहून आणा. मालक तिथं हजर नव्हते आणि का नव्हते, कारणासकट. सही पाहिजे. मग साहेबांपुढं ठेवते."

घरी येऊन मी ते पत्र स्वतःच लिहिलं, त्याच्या वतीने. सुवाच्य अक्षरात, जसा मी रोजचा रिपोर्ट लिहितो. "मी खाली सही करणार लिहून देतो की, सदर दिवशी माझ्या मुलीचे लग्न होते. सदर वाहन माझ्या ताब्यात होते व मीच ते कार्यालयासमोर उभे करविले. वाहनाचे मालक, माझे मित्र, हे लग्नास हजर नव्हते, कारण" आणि त्यापुढे मी दोन ओळी मोकळ्या सोडल्या. त्या मोकळ्या ओळींखाली त्याचं नाव आणि सहीची जागा. कागदाची घडी करून खिशात ठेवली तेव्हा मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, अगदी गार वाटलं. आता त्याला त्या दोन ओळींत काहीतरी भरावंच लागणार होतं.

पण तो सापडेना. जेवणाच्या सुट्टीत त्याला कधी भट्टीवर काम निघायचं, कधी साहेबांनी बोलावलेलं असायचं. लिंबाखाली मी एकटाच बसायचो. दोन आठवडे असे गेले. बरोबरची माणसं विचारायचीसुद्धा नाहीत, जणू सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं की ह्या भानगडीत पडायचं नाही. शेवटी एका शनिवारी पाळी सुटल्यावर मी त्याला गाड्यांच्या शेडमध्ये गाठलं. तो त्याच्या मोठ्या गाडीचं दार उघडत होता. मी कागद माझ्या गाडीच्या बॉनेटवर पसरला आणि वर पेन ठेवलं.

"सही कर. आणि कारण तेवढं तुझ्या हातानं भर."

त्याने वाचलं. ओठ हलवत, हळूहळू. पेन उचललं. पेनाचं टोक त्या मोकळ्या ओळीवर आलं, आणि मी त्या टोकाकडे बघत होतो. चुलता वारला होता असं लिहितो, की आठवण राहिली नाही असं लिहितो, काहीही चाललं असतं, त्यावर आम्ही भांडलो असतो. त्याने पेन खाली ठेवलं. खिशातून मोबाईल काढला आणि अंगठ्याने भराभर काहीतरी करायला लागला. गाडीचा नंबर त्याला पाठ होता. अर्ध्या मिनिटात माझ्या खिशातला फोन वाजला. दंड भरल्याबद्दल आपले आभार, असा मेसेज, माझ्या गाडीच्या नंबरासकट.

"मिटलं," तो म्हणाला. "आता कशाला लिवाय लागतंय?"

"तू माझ्या नावावर भरलास. भरला म्हणजे गुन्हा मी कबूल केला, असं झालं."

"पैसं माझं गेलं की मर्दा!"

"नाव माझं लागलं."

तेव्हा तो भडकला. बावीस वर्षांत मी त्याला कामगारांवर भडकलेला पाहिला होता, माझ्यावर कधीच नाही. "मग काय लिवू?" तो ओरडला. शेडमधली दोन-चार माणसं वळून बघायला लागली. "काय लिवू, सांग की! ज्यानं माझ्या जावयाची चौकशी केली, त्यो पंगतीला बसला आसता तर माझी भावकी उठली आसती, आसं लिवू? म्हातारी आई म्हणाली, त्याला बोलवायचं आसलं तर मी येत न्हाय, आसं लिवू? मी घाबारलो, आसं लिवू पोलिसाला?"

"हो," मी म्हटलं. "हेच लिही."

त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. "तुला ठावं हाय, मला काय नव्हतं," तो म्हणाला. "माझ्या मनात काय नव्हतं रं."

ते मला ठाऊक होतं. त्याच्या मनात काही नव्हतं. माझ्या डब्यातली चटणी खाताना नव्हतं, मला रानात जेवायला घालताना नव्हतं, आणि माझी गाडी नवरीला न्यायला काढतानाही नव्हतं. मनात काही नसलेल्या माणसाने हे केलं, तर मनात असलेल्यांचं मी काय बोलावं? मी त्याला असलं काही म्हटलं नाही. मी म्हटलं, "सही तरी कर." तो दार आपटून गाडीत बसला आणि गेला. कागद बॉनेटवर तसाच होता. वाऱ्याने उडू नये म्हणून मी त्यावर हात ठेवला होता, तेवढं आठवतं.

तो जे बोलला ते ऐकायला मी तीन आठवडे जंग जंग पछाडलं होतं, आणि ऐकून मला काहीही मिळालं नाही. हलकं वाटलं नाही, जिंकल्यासारखं वाटलं नाही. शेडमधल्या त्या दोन-चार जणांनीही ते ऐकलं होतं, आणि ते आपापल्या गाड्यांची कुलुपं काढत होते.

सोमवारी वाहतूक पोलिसांच्या ऑफिसातून फोन आला, की दंड भरला गेलाय, तेव्हा येऊन तक्रार मागे घेतल्याचं लिहून द्या, फाईल बंद करायची आहे. मी अर्धा दिवस रजा टाकून गेलो. वाटेत ठरवलं होतं, की मागे घेणारच नाही. मॅडमना सगळं सांगेन, तो शेडमध्ये काय बोलला ते शब्द न् शब्द सांगेन. मग म्हटलं, सांगायचं कशाला, लिहूनच देईन. तो लिहीत नाही तर मी लिहितो. रिपोर्ट लिहिण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही.

मॅडमनी एक छापील कागद पुढे केला. नाव, पत्ता, गाडीचा नंबर, सगळं त्यांनीच भरलं होतं. शेवटी एक ओळ होती. तक्रार मागे घेण्याचे कारण. तिच्यापुढची जागा मोकळी.

"एवढं भरा काका," त्या म्हणाल्या.

मी पेन हातात घेतलं. जागा पुष्कळ होती, तीन ओळी मावल्या असत्या. वाक्यही तयार होतं, सगळ्या वाटेने घोकत आलो होतो. हवालदार शेजारीच बसलेले होते, ह्या वेळी चहा नव्हता आणि ते माझ्या हाताकडे बघत होते. मागे माणसं ताटकळली होती. "आवरा की पावणं," कुणीतरी म्हणालं. मी विचार केला, की हा कागद कोण वाचणार, कुठल्या कपाटात जाणार, उद्या कंपनीत कुणाच्या कानावर जाणार. त्याच्या मुलीचं नाव ह्यात येणार. माझ्या मुलाचंही उद्या लग्न व्हायचं आहे. हे सगळे विचार मी तिथे उभ्याउभ्या केले, आणि ते एकाहून एक बरोबर होते.

मी लिहिलं, "आपसात मिटले." खाली सही केली, तारीख टाकली.

मॅडमनी वाचून शिक्का मारला. "बघा, बोललं की मिटतंय," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं.